विश्लेषण : आठवड्याला ९० तास राबूनही उचल का फिटत नाही? ‘मेहनत केली की समृद्धी’ या गणितात नेमके काय चुकते?

आठवड्याला किती तास काम करावे, यावर गेल्या काही वर्षांत देशात बरीच चर्चा झाली. इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांनी हा आकडा ९० वर नेला. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, या त्यांच्या प्रश्नावर समाजमाध्यमांत विनोदांचा पाऊस पडला. विनोद ओसरले, पण त्या सल्ल्यामागचे गृहीतक तसेच राहिले. जो जास्त राबतो तो पुढे जातो आणि जो मागे राहिला तो कमी राबला असणार, असे हे गृहीतक. ते तपासून पाहायला महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून लाखो जोडपी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांकडे निघतात. ९० तासांचा आठवडा त्यांच्यासाठी नवा नाही. त्यांच्या आईवडिलांनीही तो भरला होता.

‘कोयता’ म्हणजे कोण?

कारखान्याच्या हिशेबात ऊसतोड मजूर म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई हे तालुके, शेजारच्या अहिल्यानगरमधील पाथर्डी, शेवगाव आणि जालना, परभणी, लातूर, नांदेड, जळगाव या जिल्ह्यांतील काही भाग ही या कोयत्यांची गावे. राज्यातील ऊसतोड मजुरांची संख्या आठ-दहा लाखांपासून पुढे सांगितली जाते.

फडात काम पहाटे सुरू होते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते आणि मग दोघेही त्या मोळ्या डोक्यावर घेऊन, फळीवरून चढत ट्रक किंवा ट्रॅक्टर भरतात. एका मोळीचे वजन ३०-४० किलोपर्यंत जाते. वाहन रात्री आले तर भरणी रात्री. बाईचा दिवस त्याआधी, कोपीवर चूल पेटवून भाकरी थापण्यापासून सुरू झालेला असतो आणि तिच्या या वेळेची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. दिवसाचे १२ ते १४ तास आणि सुटीचा वार नाही, असे धरले तर आठवड्याला ८४ ते ९८ तास होतात.

टनाला ३६६ रुपये, मग दिवसाला किती?

जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात समझोता झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली आणि टनाचा २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांवर गेला. हा करार तीन वर्षांसाठी होता. ३४ टक्के हा आकडा मथळ्यात मोठा दिसतो. तो फडात कसा दिसतो, हे पाहू.

एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतो. दोन टनच धरू. ३६६ गुणिले दोन, म्हणजे ७३२ रुपये. यात माणसे दोन, म्हणजे माणशी ३६६. बारा तासांच्या कामाला ताशी साडेतीस रुपये. त्याच भागात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर ताशी ३९ रुपये. म्हणजे जिथे जास्त वेळ आणि जास्त कष्ट आहेत, तिथे तासाचा दर कमी आहे. वाढे विकून थोडे पैसे सुटतात, काही ठिकाणी शेतकऱ्याकडून ‘खुशाली’ मिळते. त्याने आकडा थोडा हलतो, चित्र बदलत नाही.

मग हे जोडपे गावात राहून रोजगार हमीवर का जात नाही? काम मागितले की मिळतेच असे नाही आणि मजुरी वेळेवर येतेच असे नाही, हे एक कारण. (ज्या योजनेचे मूळ १९७२च्या दुष्काळातल्या महाराष्ट्रात आहे, तिची महाराष्ट्रातच ही अवस्था आहे.) पण खरे कारण वेगळे आहे. रोजगार हमी काम झाल्यावर पैसे देते. ऊसतोडीत पैसे कामाच्या आधी मिळतात.

उचल : पगार आधी, काम नंतर

हंगामाच्या काही महिने आधी मुकादम गावात येतो आणि कोयत्याला ‘उचल’ देतो. ती पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत असते. घरात मुलीचे लग्न असेल, कोणाचे ऑपरेशन असेल, विहीर कोरडी गेली असेल, आधीचे हातउसने अंगावर असेल, तर एकरकमी लाख रुपये देणारे दुसरे दार या कुटुंबासाठी उघडे नसते. बँकेला तारण लागते, सावकार व्याज लावतो. मुकादम मागतो ते फक्त पुढच्या हंगामातले दोघांचे कष्ट.

आता हिशेब मांडू. समजा, एका जोडप्याने एक लाख रुपये उचल घेतली. दिवसाला ७३२ रुपयांप्रमाणे ती फेडायला १३७ दिवस लागतील. त्यातही एकही दिवस आजारपण नको, पाऊस नको, वाहनाची वाट बघत बसणे नको. दीड टनच तोड झाली तर दिवसाचे ५४९ रुपये होतात आणि लागणारे दिवस १८२ वर जातात. हंगाम मात्र इतका चालत नाही. २०२४-२५ मध्ये ऊसच कमी असल्याने अनेक कारखान्यांचे गाळप शंभर दिवसांच्या आत आटोपले. शंभर दिवस धरले, रोज पूर्ण दोन टन धरले, तरी कमाई होते ७३ हजार २०० रुपये. शिवाय किराण्यासाठी, दवाखान्यासाठी हंगामात अधूनमधून घेतलेली खर्ची असते. ती आठवड्याला पाचशे रुपये धरली तर १४ आठवड्यांचे सात हजार होतात. म्हणजे देणे एक लाख सात हजार, फिटले ७३ हजार २००. हंगाम संपताना या जोडप्याच्या नावावर ३३ हजार ८०० रुपये ‘बाकी’ राहते.

यात ‘खाडा’ धरलेला नाही. एक दिवस कामावर गेले नाही तर त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम पाचशे-हजार रुपये दंडही लावतो. अनेक टोळ्यांमध्ये ही पद्धत आहे. पगारी रजा हा शब्द माहीत असलेल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

जास्त तोडले तर?

मेहनतीचे समर्थक इथे रास्त प्रश्न विचारतील. टनावर पैसे आहेत ना, मग टन वाढवा. कष्ट आणि मोबदला यांचा इतका थेट संबंध तर कॉर्पोरेट नोकरीतही नसतो.

वाढवून पाहू. त्याच जोडप्याने रोज दोनऐवजी अडीच टन ऊस तोडला. म्हणजे कष्टात २५ टक्के वाढ, तीही शंभरच्या शंभर दिवस. कमाई ९१ हजार ५०० रुपये. तरीही बाकी १५ हजार ५०० उरतेच. पाव पट जास्त राबून जोडपे समृद्धीजवळ पोहोचले नाही. त्याचे कर्ज तेवढे कमी झाले.

याचे कारण हिशेबाच्या रचनेतच आहे. या गणितात चार आकडे आहेत: टनाचा दर, हंगामाचे दिवस, सुरुवातीची बाकी आणि रोजची तोड. यातला शेवटचा आकडा तेवढा मजुराच्या हातात आहे आणि त्यालाही शरीराची मर्यादा आहे. दर तीन वर्षांतून एकदा पुण्या-मुंबईतल्या बैठकीत ठरतो. हंगाम पाऊस आणि उसाचे क्षेत्र ठरवते. बाकी मागच्या हंगामाने ठरवलेली असते. ज्या समीकरणातल्या चारपैकी तीन संख्या दुसऱ्याच्या ताब्यात आहेत, त्याचे उत्तर चौथी संख्या ताणून फारसे बदलत नाही.

तुलनेसाठी दुसरा एक हिशेब. कोणाकडे साडेदहा लाख रुपयांची मुदत ठेव असेल आणि तिच्यावर सात टक्के व्याज मिळत असेल, तर वर्षाला ७३ हजार ५०० रुपये व्याज येते. या जोडप्याने शंभर दिवस दोनशे टन ऊस तोडून, बांधून आणि डोक्यावरून वाहून जेवढे मिळवले, साधारण तेवढेच. ठेव ठेवणाऱ्याने ती कष्टातूनच जमवली असेल, त्यात वादच नाही. पण त्या वर्षीचे ७३ हजार त्याला कष्टाने मिळालेले नाहीत. ते आधीपासून जवळ असलेल्या पैशाने मिळवून दिले आहेत.

कष्टाची झीज कुठे जाते?

यंत्राच्या हिशेबात घसारा धरतात. कोयत्याच्या हिशेबात तो धरत नाहीत, पण झीज होतेच. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्यानंतर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या चौकशीत ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले आणि त्यापैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे साधारण एक. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नसल्याने तुलना काटेकोर नाही. पण तफावत इतकी आहे की पद्धतीच्या फरकाने ती झाकली जात नाही.

यामागे खासगी डॉक्टरांनी दाखवलेली कॅन्सरची भीती होती, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे होती. पण कामाच्या जागेचाही त्यात मोठा वाटा आहे. फडात शौचालय नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते. दुखण्यासाठी सुटी घेतली तर खाडा. रोजचे दुखणे आणि रोजचा दंड यांच्यापेक्षा एकदाच शस्त्रक्रिया परवडते, असे ज्या बाईला वाटले, तिने हिशेब चुकीचा केला असे म्हणणे कठीण आहे. शस्त्रक्रियेचा खर्च मात्र पुन्हा उचलीतूनच जातो. त्यानंतर कंबरदुखी, अशक्तपणा लागला तर तोड कमी होते आणि बाकी वाढते.

मुकादम खलनायक आहे का?

तसे सरळ सांगता येत नाही. मुकादमाला तोडणीच्या रकमेवर २० टक्क्यांच्या आसपास कमिशन मिळते. ते मजुराच्या ३६६ रुपयांतून कापले जात नाही, कारखाना वेगळे देतो. हातात कोयता न धरता टनामागे सत्तरेक रुपये, ही कमाई टोळी मोठी असेल तर बरी होते. पण उचल घेऊन मजूर आलेच नाहीत, अशा फसवणुकीत पोळलेले मुकादम आणि वाहतूक ठेकेदारही कमी नाहीत आणि त्यातले बरेच जण कधीकाळी स्वतः तोडणीला गेलेले आहेत. त्या वसुलीसाठी मजुरांना डांबून ठेवणे, मारहाण करणे असे गुन्हेही दर हंगामात नोंदले जातात. कारखाना बोट मुकादमाकडे दाखवतो, कारण मजूर त्याच्या हजेरीपटावर नसतात.

शेतकऱ्याची तक्रार वेगळी आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच उसाच्या बिलातून कापला जातो आणि वर तोड लवकर यावी म्हणून ‘एन्ट्री’चे पैसेही द्यावे लागतात. २०२५-२६ साठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होती. त्यात तोडणाऱ्याचे ३६६ म्हणजे दहा टक्क्यांहून थोडे अधिक.

बांगलादेशातल्या गायींनी काय दाखवले?

गरीब माणूस गरीब का राहतो, यावर अर्थशास्त्रात दोन जुनी उत्तरे आहेत. एक म्हणजे त्याची कुवत किंवा कष्टाची तयारीच कमी पडते. दुसरे, त्याच्याकडे सुरुवातीला इतके कमी असते की कितीही धडपड केली तरी गाडी चढाला लागत नाही. यातले खरे कोणते, हे नुसते वाद घालून ठरत नाही. त्यासाठी कोणीतरी गरिबांना भांडवल देऊन अनेक वर्षे पाहत राहावे लागते.

बांगलादेशात असा प्रयोग झाला. ब्रॅक या संस्थेने २००७ पासून ग्रामीण भागातील अतिगरीब महिलांना उत्पन्न देणारी मालमत्ता, बहुतेकींना गाय, आणि ती सांभाळण्याचे प्रशिक्षण दिले. क्लेअर बाल्बोनी, ओरियाना बँडिएरा, रॉबिन बर्जेस, मैत्रीश घटक आणि अँटन हाइल या अर्थतज्ज्ञांनी अशा सुमारे सहा हजार कुटुंबांच्या ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०२२ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

गाय साधारण सगळ्यांना सारखीच मिळाली होती. तरी पुढे दोन गट पडले. ज्यांच्याकडे आधीपासून थोडेफार काही होते, एखादा गोठा, एखादी हातगाडी, थोडी अवजारे, त्या गाय मिळाल्यावर एका विशिष्ट रेषेच्या वर गेल्या आणि पुढे त्यांची मालमत्ता वाढत राहिली. ज्यांच्याकडे काहीच नव्हते, त्या गाय मिळूनही त्या रेषेच्या खाली राहिल्या आणि हळूहळू पूर्वीच्या जागी घसरल्या. गावे तीच, गाय तीच. फरक सुरुवातीच्या शिल्लकीचा होता. त्यातल्या बहुतेकींना भांडवल मिळाले असते तर त्यांनी मजुरी सोडून अधिक कमाईचे काम केले असते, असेही या अभ्यासात दिसले. म्हणजे कुवतीची अडचण फारशी नव्हती.

बीडच्या जोडप्याला याच चौकटीत ठेवून पाहता येते. बांगलादेशातली बाई शून्याच्या थोडी वर होती. हे जोडपे हंगामाला सुरुवात करते तेव्हा उणे एक लाखावर असते. शंभर दिवस राबून ते उणे ३३ हजार ८०० पर्यंत चढते. ज्या रेषेच्या वर गेल्यावर कष्ट साठू लागतात, ती रेषा अजून बरीच वर आहे.

मजुराला उचल, यंत्राला अनुदान

ही रेषा ओलांडायला सरकार मदत करते का? करते, पण कोणाला, हे पाहण्यासारखे आहे. तोडणीला मजूर मिळत नाहीत, या कारखान्यांच्या तक्रारीनंतर राज्य सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याचे ठरवले. एका यंत्रामागे किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. यंत्राची किंमत एक कोटीच्या आसपास आणि लाभार्थ्याने किमान २० टक्के स्वतःचे घालायचे. म्हणजे अनुदानाच्या रांगेत उभे राहायलाच हातात वीसेक लाख हवेत.

यंत्र येऊ नये असे कोणी म्हणणार नाही. मोळी डोक्यावर वाहण्याचे काम संपले तर बरेच आहे. पण ज्याच्याकडे वीस लाख आहेत त्याला सरकार ३५ लाख देते, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मुकादमाचे एक लाख मिळतात, तेही परतफेडीच्या अटीवर.

मजुरांसाठी काहीच झाले नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची, असे ठरले. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतून ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, म्हणजे आईबाप फडात असताना मुले शाळेत राहतील. यातली वसतिगृहाची योजना रेषेच्या प्रश्नाला थेट भिडते, कारण मूल फडावर गेले की शाळा सुटते आणि काही वर्षांत तेच मूल अर्धा कोयता होते.

पण ऊसतोड मजुराचा मुलगा अधिकारी झालाच की?

झाला. एमपीएससीचा निकाल लागला की ‘ऊसतोड मजुराच्या मुलाची भरारी’ अशी बातमी येतेच आणि ती आवडीने वाचली जाते. या बातम्या खऱ्या असतात आणि त्या मुलांचे यश कष्टाचेच असते. त्यात कमीपणा शोधण्याचे कारण नाही.

प्रश्न त्या बातमीतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा आहे. काहीशे जागांसाठी लाखो अर्ज येतात. सगळ्या उमेदवारांनी अभ्यासाचे तास दुप्पट केले तर कट ऑफ वाढेल, निवड होणारी नावे कदाचित बदलतील, जागा मात्र तेवढ्याच राहतील. कष्ट केल्याशिवाय निवड होत नाही, हे खरे. कष्ट केले की निवड होते, हे खरे नाही. ही दोन वाक्ये वेगळी आहेत आणि आपल्याकडे पहिले बोलून दुसरे सिद्ध झाल्यासारखे वागले जाते. ज्याची निवड झाली नाही आणि जो भावाबरोबर पुन्हा फडावर गेला, त्याची बातमी होत नाही. त्यामुळे त्याने किती तास अभ्यास केला होता, हेही कळत नाही.

‘मेरिटोक्रसी’ म्हणजे गुणवत्तेचे राज्य, हा शब्द आज कौतुकाने वापरला जातो. तो प्रचलित करणाऱ्या मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तो उपहासाने वापरला होता. जिंकलेले सारे काही स्वतःच्या लायकीने मिळाले असे समजतात आणि हरलेल्यांना तक्रार करण्याचाही अधिकार उरत नाही, अशा समाजाची त्याने थट्टा केली होती. शब्द उरला, थट्टा विसरली गेली.

देशाचे आकडे काय सांगतात?

ऊसतोड हे टोकाचे उदाहरण वाटू शकते. पण मोठे आकडेही फार वेगळे बोलत नाहीत. नितीनकुमार भारती, लुका शान्सेल, थॉमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांच्या मार्च २०२४ मधील अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. खालच्या ५० टक्क्यांच्या वाट्याला उत्पन्नाचे १५ टक्के आले.

याच्या उलट दाखला म्हणून जागतिक बँकेचा आकडा दिला जातो. त्यानुसार भारताचा गिनी निर्देशांक २०११-१२ मधील २८.८ वरून २०२२-२३ मध्ये २५.५ वर उतरला, म्हणजे विषमता घटली. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण जागतिक बँकेचा आकडा उपभोगाच्या खर्चावर आहे. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा मोठा भाग खर्च न करता साठवतो आणि तो साठा या पाहणीत दिसत नाही. उलट उचल घेऊन केलेले लग्न मात्र खर्च म्हणून दिसते.

कष्टाच्या मोबदल्याबाबत सरकारचा स्वतःचा आर्थिक पाहणी अहवालही बोलका आहे. २०२४-२५च्या अहवालात नमूद आहे की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्याकडील रोजगार अवघा १.५ टक्क्याने. त्याच वर्षी लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांना ५१ कोटी रुपये मिळाले. कंपनीच्या वार्षिक अहवालानुसार ही रक्कम तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या सुमारे ५३४ पट होती. आठवड्यात तास १६८च असतात, त्यामुळे हा फरक तासांतून आला नसणार हे उघड आहे.

आणि पिढ्यांचा हिशेब. ओईसीडीने २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार सर्वात कमी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांतील कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात, भारतात सात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक घरांत आता तिसरी पिढी फडावर आहे.

आता पुढे काय?

२०२३-२४ पासूनच्या तीन हंगामांसाठी झालेल्या कराराची मुदत २०२५-२६च्या हंगामाबरोबर संपते. टनाचा दर यंत्राला मिळणाऱ्या दराच्या बरोबरीने द्या, ही संघटनांची जुनी मागणी आहे. ओळखपत्र, विमा, फडावर शौचालय आणि पाणी या मागण्याही नव्या नाहीत. बैठकीत बहुतेक वेळा चर्चा दराच्या टक्केवारीवर थांबते. उचलीऐवजी बँकेकडून किंवा महामंडळाकडून अल्प व्याजाचे कर्ज मिळाले, आणि नवरा-बायकोची नोंद व हिशेब वेगवेगळा झाला, तर वर मांडलेल्या गणितातला ‘बाकी’चा आकडा पहिल्यांदा हलू शकतो.

दरम्यान, पावसाळ्यात मुकादम गावात येऊ लागतील. वर धरलेल्या जोडप्याच्या नावावर ३३ हजार ८०० रुपये बाकी आहे. त्यांनी पुन्हा एक लाख उचलले तर वहीत एक लाख ३३ हजार ८०० लिहिले जातील. दिवसाला ७३२ रुपयांप्रमाणे ते फेडायला १८३ दिवस लागतात. खर्ची यात धरलेली नाही.